छातीतली गादी

दुबलगुंडीच्या बसथांब्यापासून बसवण्णाच्या देवळापर्यंत चालत जायला धडधाकट माणसाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट वेळ अनिलकुमारला लागायचा. आणि गाव म्हणायचं, लागणारच की. एवढ्या लोकांचे नमस्कार घेत घेत जायचं, म्हणजे वेळ लागणारच.

हा अनिलकुमार म्हणजे किराणा दुकानदार वीरभद्रप्पाचा एकुलता एक मुलगा. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं काडी, खांदे पुढं आलेले, आणि सदऱ्याचं वरचं बटण बारा महिने उघडं. ते मुद्दाम उघडं ठेवलेलं, कारण आत बघण्यासारखं होतं. छातीच्या मधोमध, जिथं तुमचंआमचं हाड सपाट असतं, तिथं त्याला एक खोल, गोल खळगा होता. त्या खळग्यात त्याची चांदीची करडगी, म्हणजे इष्टलिंग ठेवायची डबी, अशी चपखल बसायची की सोनारानं माप घेऊन कोंदण केलंय असं वाटावं. लोक लांबूनच हात जोडायचे, कारण दुसऱ्याच्या लिंगाला हात लावायची रीत नाही. ‘शरणार्थी, अण्णा,’ म्हणायचे आणि पुढं जायचे.

ह्या खळग्याचा शोध लागला तीही गंमतच. पोर पाचेक वर्षांचं असेल. दुपारचं दुकानात तुरीच्या पोत्यावर उताणं झोपलं होतं. कुशीवर वळलं की करडगी घसरते, उताणं झालं की आपोआप येऊन मधोमध बसते. वीरभद्रप्पा तराजू हातात धरून बघतच राहिला. गिऱ्हाईक म्हणालं, “अप्पा, साखर सांडायलीय.” वीरभद्रप्पा म्हणाला, “सांडू दे. इकडं ये, बग. तुझ्या माझ्या छातीवर लिंग लोंबतंय. माझ्या लेकाच्या छातीत बसतंय. शिवानं स्वतः गादी करून घेतलीय.”

झालं. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव येऊन बघून गेलं.

मठातले म्हातारे स्वामी त्या वेळी होते. त्यांच्याकडं पोराला नेलं. स्वामींनी खळगा बघितला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसून म्हणाले, “लिंगाला खड्डा लागत न्हाई, वीरभद्रप्पा. पोराला दूध पाज.” आता ह्यात न कळण्यासारखं काय होतं? पण वीरभद्रप्पानं गावात येऊन सांगितलं, की स्वामी हसले. स्वामी कुणाकडं बघून हसत नाहीत, आमच्या अनिलकडं बघून हसले. दुधाचं सांगितलं, खड्ड्याचं गाळलं.

तेव्हापासून पोराला मान सुरू झाला. बसवजयंतीला पंगतीत पहिलं पान त्याचं. कुणाच्या घरी बारशाला लिंग बांधायचं असलं, तर अनिलला आधी आणून बसवायचे. त्याच्या वर्गातला भीमण्णा मोठा वात्रट. एकदा त्यानं पैज लावली की ह्याच्या गादीत चिपटंभर तूर मावते. करडगी वर गळ्याशी सरकवून पोराला बाजेवर झोपवलं आणि तूर ओतली. मावली. मग भीमण्णाची मजल वाढली. पुढच्या खेपेला त्यानं उसाचा रस ओतला आणि वाकून सुर्रकन पिऊन टाकला. वीरभद्रप्पा गज घेऊन मागं लागला, तो थेट ओढ्यापर्यंत. भीमण्णा ओढ्यापलीकडून ओरडला, “अप्पा, तीर्थ घेतलं हो, कामून मारायलास?” ही गोष्ट गावात अजून सांगतात आणि अजून हसतात.

अनिललाही त्या वेळी हसू आलं होतं. पण भीमण्णा ओढा ओलांडून पळाला, तसं आपल्याला पळता येणार नाही, हे त्याला तेवढ्यातच कळलं होतं. दहा ढांगा टाकल्या की छातीत कुणीतरी मूठ आवळायचं. कबड्डीत त्याला पंच करायचे. शाळेच्या शर्यतीत शिट्टी त्याच्या हातात द्यायचे. लोक म्हणायचे, लिंगाला हिसका बसतो म्हणून पळत नाही, कसं समजूतदार पोर आहे. आणि पोरानंही एक युक्ती शिकून घेतली. चालताना दम लागला की थांबायचं, समोरून कोण येतंय ते बघायचं आणि हात वर करायचा. समोरचा हात जोडायचा, दोन शब्द बोलायचा. तेवढ्यात श्वास जागेवर यायचा. गावाला वाटायचं, अण्णा आपल्यासाठी थांबला.

सातवीत असताना गुलबर्ग्याहून डॉक्टरांची एक तुकडी शाळेत आली. पोरांच्या छात्यांचा अभ्यास करणारे लोक होते ते. मोठ्या लाकडी चिमट्यासारखं काहीतरी घेऊन एकेका पोराची छाती मोजायचे, पुढून मागं, डावीकडून उजवीकडं. अनिलपाशी आले आणि त्यांचा म्होरक्या, एक पांढऱ्या मिशांचा डॉक्टर, खालीच बसला. त्यानं वीरभद्रप्पाला आणि नागव्वाला, म्हणजे अनिलच्या आईला, बोलावून घेतलं. समजावून सांगितलं. बरगड्या आणि मधलं हाड जोडणारी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, वेडीवाकडी वाढलीय, ती हाडाला आत ढकलते. छाती उघडून तेवढी कूर्चा काढायची आणि हाड वर उचलून बसवायचं. वय चांगलं आहे. नंतर हाडं पक्की होतील.

वीरभद्रप्पा म्हणाला, “डॉक्टरसाब, तुम्ही शिकलेले. पण गादी मोडायची न्हाई.”

नागव्वा बोलणारी बाई नव्हती. पण त्या दिवशी बोलली. “पोरगं रातचं बसून झोपतंय. तुमी दुकानात झोपता, तुमाला ठाव न्हाई.”

“तू गप.”

डॉक्टर पोराकडं वळले. “तुला काय वाटतं रे?”

अनिलनं खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर भीमण्णा चिंचेवर चढून बसला होता. छाती सपाट झाली की आपल्याला चिंचेवर चढता येईल, हे त्याला समजलं. पण पंगतीतलं पहिलं पान मग कुणाचं, हेही समजलं. तो म्हणाला, “असू द्या.”

नागव्वा त्यानंतर त्या विषयावर कधी बोलली नाही. ती गेली, तेव्हाही नाही.

पुढं लग्न झालं. मल्लेश्वरी हुमनाबादची, जिभेनं तिखट आणि मनानं चांगली. लग्नाआधी तिला गादीचं कौतुक सांगून झालं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं नवऱ्याच्या छातीवर कान ठेवला, मग उचलला, मग काखेजवळ ठेवला. “अवो, तुमचं काळीज हिकडं काखेत कामून धडधडायलंय?”

“देवाला जागा पाहिजे म्हणून बाजूला झालंय,” अनिलकुमार म्हणाला. हे उत्तर त्याच्या बापानं कुणाला तरी कधीतरी दिलेलं होतं.

“मंग देवाला म्हणावं, आता सर की जरा,” मल्लेश्वरी म्हणाली.

मुलगी झाली. आजीचं नाव म्हणून नागरत्ना ठेवलं, हाक मारायची रत्ना. आमच्या लिंगायत धर्मात बाई-बापय असा लिंगाला भेद नाही, तिलाही बारशाला लिंग बांधलं. आठ-नऊ वर्षांची झाली आणि तिची करडगीही छातीत रुतायला लागली. तोच खळगा, तसाच गोल, बापाचा उचलून ठेवल्यासारखा.

पण ह्या खेपेला दुकानात साखर सांडली नाही. वीरभद्रप्पानं एकदा बघितलं आणि सुनेला सांगितलं, “पोरीला झग्याच्या आत जाड कापड लाव.” मल्लेश्वरीनं अस्तर लावलं, मग दुहेरी लावलं. शाळेत पोरींना कळलंच. तिला ‘खड्डा’ म्हणून हाक मारायला लागल्या. रत्ना पळताना थांबायची, पण हात वर करायची सोय तिला नव्हती. तिच्यापुढं कोण वाकणार? ती नुसती वाकून गुडघ्यावर हात ठेवून उभी राहायची.

रत्ना बारा वर्षांची झाली, तेव्हा मल्लेश्वरी तिला गुलबर्ग्याला घेऊन गेली. हल्ली कलबुर्गी म्हणायचं, पण तोंडात जुनंच येतं. तिथं डॉक्टर शैलश्री म्हणून छातीच्या सर्जन होत्या, माहेर कडगंचीचं, मराठीही बोलायच्या आणि कन्नडही, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. त्यांचं संशोधनच ह्या विषयावर चाललेलं. बीदर-कलबुर्गीकडच्या घरांत ही छाती बापाकडून लेकराकडं कशी जाते, आणि कोणत्या वयात सरळ केली तर फुप्फुसाला नि हृदयाला किती फायदा होतो, हे त्या बघत होत्या. त्यांनी सांगितलं की आता छाती उघडावी लागत नाही. दोन्ही कुशींना लहान छेद द्यायचे, दुर्बीण घालून बघत बघत हाडाखालून एक वाकवलेली पोलादी पट्टी सरकवायची आणि आत गेल्यावर उलटी फिरवायची. हाड वर येतं. दोन-तीन वर्षांनी पट्टी काढून घ्यायची, तोवर छातीनं नवा आकार धरलेला असतो. “हिचं वय नेमकं आहे,” त्या म्हणाल्या. “पण हिच्या वडलांना आणा. त्यांचीही छाती मला बघायचीय, आणि सही त्यांचीही हवीय.”

सही. आता इथं घोडं अडलं, आणि अडवलं कुणी? अनिलकुमारनं.

तो म्हणाला, बघू. मग म्हणाला, श्रावण होऊ दे. श्रावण झाला तर म्हणाला, दसरा. मल्लेश्वरीनं भांडी आदळली, जेवण अबोल्यानं वाढलं, तरी तो ‘बघू’च म्हणायचा. पोरीचं भलं त्याला कळत नव्हतं असं नाही. पण डॉक्टर पोरीचा खळगा बुजवणार म्हणजे तो रोग ठरणार. आणि तिचा रोग, तर मग आपलं काय? एवढ्या वर्षांचं पहिलं पान, एवढ्या वर्षांचं शरणार्थी, ते कशाला होतं?

शेवटी वीरभद्रप्पानंच तोंड उघडलं. म्हातारा आता पंच्याऐंशीला टेकलेला, पण गल्ल्यावरून हलत नव्हता.

“काय रे, पोरीला दवाखान्यात कामून नेईनास?”

अनिलकुमार चमकला. “तुमीच म्हणायलात?”

“मंग काय. उद्या लगीन व्हायचंय तिचं. खड्ड्याची पोरगी कोण करून घेतंय? आजकाल आपरेशन म्हंजे काय, पत्रा ठोकून सरळ केल्यावानी हाय.”

“अप्पा, तिच्याबी छातीत लिंग बसतंय की. गादी हाय म्हणा की.”

“येड्यावानी बोलू नगो.”

“मंग माझं काय हाय?”

वीरभद्रप्पानं तराजूच्या पारड्यातली धूळ फुंकली. “तुझं देवाचं हाय. हिचं हाडाचं.”

बाहेर टेम्पोतून खताची पोती उतरवत भीमण्णा उभा होता. त्यानं ऐकलं. एरवी ह्यावर तो वर्षभर हसला असता. त्या दिवशी तो काही बोलला नाही, नुसतं पोतं खांद्यावर घेऊन गेला. त्याच्या त्या गप्प बसण्यानं अनिलकुमारला जे लागलं, ते बापाच्या बोलण्यानंही लागलं नव्हतं.

तो गुलबर्ग्याला गेला. एकटाच. डॉक्टर शैलश्रींनी त्याची तपासणी केली, छातीचा सीटी स्कॅन काढला, हृदय पडद्यावर चालताना बघितलं. मग खुर्ची ओढून त्याला चित्रासमोर बसवलं.

“हे तुमचं मधलं हाड, हा पाठीचा कणा. ह्या दोघांत किती फट उरलीय बघा. आणि हे हृदय. त्याला इथं राहायला जागाच नाही, म्हणून डावीकडं दबून बसलंय.”

अनिलकुमारनं चित्रातल्या त्या फटीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “म्याडम, एक विचारू? रागवू नका. आमच्याकडं ह्याला गादी म्हणतात. ह्यात देवाचं काय हाय का न्हाई?”

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांच्याही गळ्यात शिवदार, म्हणजे इष्टलिंगाचा दोरा होता, ओढणीच्या आत. त्या म्हणाल्या, “देवाचं तुम्ही जाणा. मला दिसतंय ते एवढंच, की कुणाच्या तरी बसण्यासाठी तुमचं काळीज चाळीस वर्षं उठून उभं आहे.”

त्यानं सही केली. पेन ठेवताना विचारलं, “माझंबी हुतंय का सरळ?”

“होतं. मोठ्या माणसांचंही करतो आम्ही. पण हाडं पक्की झालीत, दोन पट्ट्या लागतील, दुखेलही जास्त. पण चालताना असा दम लागणार नाही. विचार करून सांगा. लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलं होतं,” अनिलकुमार म्हणाला.

रत्नाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्यांनी करडगी काढायला लावली. पोर अडून बसली की लिंग अंगावेगळं करणार नाही. मग डॉक्टर शैलश्रींनीच लिंग स्वच्छ कापडात गुंडाळून तिच्या दंडाला बांधायची सोय केली. बाहेर बाकड्यावर वीरभद्रप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “काय न्हाई हो, पोरीला हाडाचा आजार. कॅल्शम कमी.” चार दिवस पोर कण्हली. पाचव्या दिवशी उठून बसली, करडगी पुन्हा गळ्यात घातली आणि तोंड वाकडं करून बापाला म्हणाली, “अप्पा, ही आता बसंना. इकडून तिकडं घसरायलीय.” मल्लेश्वरी हसता हसता रडली. अनिलकुमारनं ती करडगी नुसती बघितली. सपाट छातीवर लोंबत होती, चारचौघांसारखी.

आणि त्याचं स्वतःचं? मल्लेश्वरी मागं लागली. बाप म्हणाला, “गावाला काय तोंड दाखवायचं? तुझ्या छातीसमोर लोकांनी नवस बोललेत.” अनिलकुमार म्हणाला, बघू. ह्या खेपेला त्याला अडवणारं खरं तर कुणी नव्हतं. डॉक्टरांचे फोन आले. त्यानं श्रावण सांगितला, दसरा सांगितला. गादी काढून घेतल्यावर खाली उरणारा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. पळणं, झाडावर चढणं, ओझं उचलणं, ह्यातलं काही त्याला येत नव्हतं. एक बसणं तेवढं येत होतं. मग फोन यायचे थांबले.

तीन वर्षांनी रत्नाची पट्टी काढली. त्याच वर्षीची बसवजयंती. बसथांब्यापासून बापलेक देवळाकडं निघाले. रत्नानं बापाची पिशवी घेतली, “मी म्होरं जाऊन जागा धरते,” म्हणाली आणि पळत सुटली. वळणावर थांबून मागं बघितलं. “चल की अप्पा.”

तो चार पावलं भरभर गेला आणि विजेच्या खांबाला धरून उभा राहिला. छातीतली ती मूठ आवळली होती, नेहमीपेक्षा घट्ट. तेवढ्यात समोरून गावातली म्हातारी सुभद्राबाई आली. तिच्या काखेत वर्षाचा नातू होता. तिनं त्याचं अंगडं वर केलं.

“शरणार्थी, अण्णा. बगा की, आमच्या बाळाच्याबी छातीत गादी पडायलीय. तुमच्यावानीच. आशीर्वाद द्या.”

पोराचा श्वास वाजत होता. दर श्वासाला छातीचं ते कोवळं हाड आत जात होतं. ‘बाई, ही गादी न्हाई, ह्याला डॉक्टरला दाखव,’ एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढं म्हणायला लागणारा दम त्याच्याजवळ नव्हता.  हात तेवढा वर गेला, सवयीनं.

सुभद्राबाईनं डोळे मिटले, पोराचं डोकं त्या हातापुढं वाकवलं आणि समाधानानं गर्दीत निघून गेली.

रत्ना मागं आली. “काय म्हणायली होती?”

“तिला… गाठ,” तो म्हणाला. “पोराला… म्याडमकडं. तुझ्यावानी. सांग तिला.”

रत्ना पळाली. गर्दीतून वाट काढत सुभद्राबाईला तिनं देवळाच्या पायरीवर गाठलं, आपलं सांगितलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं. खांबापासून अनिलकुमारला सगळं दिसत होतं. म्हातारी पोरीचा गाल चिमटत होती आणि मान हलवत होती. रत्ना परत आली, ती धापही टाकत नव्हती.

“ऐकना ती, अप्पा. म्हणायलीय, तुझं हाडाचं होतं, आज्जानं तुझ्या सांगितलंय सगळ्यांला. आमच्या बाळाचं देवाचं हाय. आन अण्णानं आत्ताच हात वर केलाय म्हणं.”

 अनिलकुमारनं खांब सोडला आणि सदऱ्याचं वरचं बटण लावायला घेतलं. काज कधी वापरलेलंच नव्हतं, घट्ट झालं होतं.  बटण लागायच्या आत समोरून आणखी दोघं येत होती, चपला काढून, हात जोडून, त्याच्या थांबण्याचा मान राखत.